‘कोण होणार करोडपती’ बघताना घरात आपण काय बोलतो? – शिक्षक आणि पालकांसाठी एक अभ्यासलेख



आजचा विषय पाठ्यपुस्तकातला नाही, पण वर्गात रोज डोकावणारा आहे. टीव्हीवरचा जुना, लोकप्रिय प्रश्नमंजुषेचा कार्यक्रम बंद होतो, काही वर्षांनी पुन्हा सुरू होतो आणि घराघरांत प्रतिक्रियांना उधाण येतं. “पूर्वीची मजा राहिली नाही”, “प्रश्न किती सोपे काढलेत”, “एवढंही येत नाही होय त्याला?”, “नशीबवान आहे बाई” अशी वाक्यं जेवणाच्या ताटावर बसून आपण सगळेच बोलतो. मुलं शेजारी असतात आणि ऐकत असतात.

कार्यक्रमातले प्रश्न मुलं दुसऱ्या दिवशी विसरतात. पण उत्तर चुकलेल्या माणसाला आपण काय म्हणालो, ‘मला येत नाही’ म्हणून खेळ सोडणाऱ्याला काय म्हणालो, हे त्यांच्या मनात राहतं. कार्यक्रमापेक्षा त्यावरची आपली बडबड हाच मुलांसाठी मोठा धडा असतो. म्हणून या प्रतिक्रिया एकेक करून तपासूया आणि वर्गात व घरात त्यांचा काय उपयोग करता येईल ते पाहूया.

थोडी पार्श्वभूमी

या खेळाचं मूळ इंग्लंडमध्ये आहे. ‘हू वाँट्स टू बी अ मिलियनेअर?’ हा कार्यक्रम तिथे सप्टेंबर १९९८ मध्ये सुरू झाला. भारतात तो ३ जुलै २००० रोजी स्टार प्लसवर ‘कौन बनेगा करोडपती’ या नावाने आला, सूत्रसंचालक अमिताभ बच्चन. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये हर्षवर्धन नवाथे हा मराठी तरुण पहिला करोडपती झाला. तो तेव्हा स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करत होता. आज जे पालक तिशी-पस्तिशीत आहेत, त्यातल्या अनेकांना ते दिवस आठवत असतील. पुढे कार्यक्रम थांबला, २००५ मध्ये पुन्हा आला, २००७ मध्ये शाहरुख खान यांनी तो केला आणि २०१० पासून तो सोनी वाहिनीवर परत अमिताभ यांच्याकडे आला. म्हणजे ‘पुन्हा सुरू होणं’ हे या कार्यक्रमाला नवीन नाही.

मराठीत हा खेळ २०१३ मध्ये ई टीव्ही मराठीवर ‘कोण होईल मराठी करोडपती’ या नावाने आला. सूत्रसंचालक सचिन खेडेकर होते. २०१६ मध्ये कलर्स मराठीवर स्वप्नील जोशी यांनी तो केला. मग खंड पडला. २०१९ मध्ये सोनी मराठीवर ‘कोण होणार करोडपती’ या नव्या नावाने तो परतला आणि हॉट सीटसमोर ‘फँड्री’, ‘सैराट’चे दिग्दर्शक नागराज मंजुळे बसले. २०२१ मध्ये सचिन खेडेकर पुन्हा आले.

त्याआधीच्या टीव्हीवरच्या प्रश्नमंजुषा आठवून बघा. १९८५ मध्ये दूरदर्शनवर सिद्धार्थ बसू यांचा ‘क्विझ टाइम’ आला. ‘बोर्नव्हिटा क्विझ कॉन्टेस्ट’ आधी रेडिओवर गाजला, नंतर टीव्हीवर आला. दोन्ही कार्यक्रम चांगले होते, पण इंग्रजीत होते. मराठी शाळेतलं मूल ते बघू शकत होतं, त्यात भाग घेण्याची कल्पना करू शकत नव्हतं. मराठीत प्रश्न विचारला जातो, मराठीत विचार करून उत्तर दिलं जातं आणि त्याला टाळ्या मिळतात, हे दृश्य आपल्या मराठी माध्यमाच्या मुलांसाठी साधं नाही.

आता प्रतिक्रियांकडे वळूया.

प्रतिक्रिया १ : “पूर्वीची मजा राहिली नाही”

ही सगळ्यात जास्त ऐकू येणारी. कुणाला अमिताभच हवे असतात. २०१९ मध्ये कुणाला मंजुळे यांची साधी, गावाकडची बोली जवळची वाटली, तर कुणाला खेडेकरांचं स्वच्छ, ठाम बोलणं आठवत राहिलं. दोन्ही बाजू आपापल्या जागी ठीक आहेत, कारण ही आवड आहे आणि आवडीला बरोबर-चूक नसतं.

मुलांना मात्र इथे एक फरक दाखवायला हवा. “पूर्वीचा कार्यक्रम चांगला होता” यात अनेकदा कार्यक्रमाबरोबर आपलं तेव्हाचं वयही आलेलं असतं. २००० साली पुष्कळ घरांत एकच टीव्ही होता, हातात मोबाईल नव्हते, शेजारचेही बघायला यायचे. मजा त्या एकत्र बसण्याचीही होती. मूल विचारेल, “मग आता आपण एकत्र बसलो तर?” या प्रश्नाला उत्तर द्यायची तयारी ठेवा!

प्रतिक्रिया २ : “करोड कसलं? मराठीत कोटी म्हणतात”

ही प्रतिक्रिया मला फार आवडते, कारण ती खरोखर बरोबर आहे. मराठीत संख्या ‘कोटी’ आहे आणि एवढे पैसे असणारा ‘कोट्यधीश’. ‘करोडपती’ हे हिंदी कार्यक्रमाच्या नावावरून आलं आणि रुळलं. यावर नुसतं चिडण्यापेक्षा त्याचा गणिताचा आणि भाषेचा तास होऊ शकतो.

फळ्यावर लिहा : सहस्र, लक्ष, कोटी. मग लक्षाधीश आणि कोट्यधीश. शंभर लाख म्हणजे एक कोटी, एकावर सात शून्यं. आता इंग्रजी ‘मिलियन’ म्हणजे दहा लाख. म्हणजे इंग्लंडच्या कार्यक्रमाचं नाव ‘दहा लाखांचा धनी’ आणि आपल्याकडचं ‘एक कोटीचा धनी’. एका कोटीत दहा मिलियन बसतात. पाचवीच्या मुलांना स्थानिक किंमत शिकवताना हे उदाहरण चटकन पोचतं, कारण ‘कोटी’ त्यांना पुस्तकात लांबचा वाटतो आणि टीव्हीवर ओळखीचा.

बक्षिसांची पायरीही फळ्यावर काढा. सुरुवातीच्या खेळात पंधरा प्रश्न होते. १,००० पासून सुरुवात, पाचव्या प्रश्नाला १०,०००, दहाव्याला ३,२०,००० आणि पंधराव्याला १,००,००,०००. पाचव्या ते अकराव्या प्रश्नापर्यंत रक्कम दुप्पट होत जाते : १०, २०, ४०, ८० हजार, मग १ लाख ६० हजार, ३ लाख २० हजार, ६ लाख ४० हजार. पुढच्या पायरीला दुप्पट केलं तर १२ लाख ८० हजार व्हायला हवेत, पण तिथे १२ लाख ५० हजार आहेत. का? मुलांना शोधू द्या. पुढे २५ लाख, ५० लाख, एक कोटी अशा नीट दुपटी बसाव्यात म्हणून, हे एखादं मूल नक्की सांगतं.

प्रतिक्रिया ३ : “एवढंही येत नाही?”

ही सर्वांत घातक प्रतिक्रिया आहे आणि आपण ती अगदी सहज बोलून जातो.

पहिले प्रश्न मुद्दामच सोपे ठेवलेले असतात. स्पर्धकाची भीती जावी आणि घरच्यांनाही उत्तर देता यावं, अशी त्याची रचनाच आहे. तरीही तिथे कुणी अडखळतो. आपण घरात पंख्याखाली बसलेले असतो, चुकलो तर काही जाणार नसतं, कुणी आपल्याकडे बघत नसतं. समोरच्यावर दिवे असतात, कॅमेरे असतात, पुढच्या पर्वांत तर सुरुवातीच्या प्रश्नांना घड्याळही आलं. आपल्याला येणारा प्रश्न आपल्याला सोपाच वाटतो. ज्याने कधी ऊस बघितला नाही त्याला उसाच्या कांडीवरचा प्रश्न अवघड, आणि ज्याने कधी लोकल रेल्वे बघितली नाही त्याला चर्चगेटचा.

आता मुलाच्या जागी बसा. बाबा टीव्हीतल्या मोठ्या माणसाला हसले. म्हणजे चुकल्यावर हसतात. मग उद्या वर्गात बाईंनी प्रश्न विचारल्यावर खात्री नसेल तर हात वर करायचा नाही, हे त्याने ठरवलेलं असतं. आपण शिक्षक मंडळी तक्रार करतो की मुलं बोलत नाहीत. त्यातलं निम्मं मौन अशा हसण्यातून तयार होतं, असं माझं निरीक्षण आहे.

याऐवजी काय म्हणावं? “त्याने हे उत्तर का निवडलं असेल?” एवढा एकच प्रश्न पुरे. चुकीच्या उत्तरामागेही विचार असतो. तो शोधायला लागलं की मूल चूक समजून घ्यायला शिकतं. गणिताची वही तपासताना आपल्याला नेमकं हेच हवं असतं.

प्रतिक्रिया ४ : “घाबरला! खेळायला हवं होतं”

स्पर्धक २५ लाखांवर आहे. पुढचा प्रश्न ५० लाखांचा. तो म्हणतो, “मला खात्री नाही, मी खेळ सोडतो.” घरात लगेच आवाज उठतो, “घाबरला!”

हिशेब करू. उत्तर बरोबर आलं तर ५० लाख, म्हणजे २५ लाखांची भर. चुकलं तर मागच्या टप्प्यावर, म्हणजे ३ लाख २० हजारांवर घसरण, म्हणजे २१ लाख ८० हजारांचं नुकसान. चार पर्यायांतला एक डोळे मिटून निवडला तर बरोबर येण्याची संधी चारात एक. अशा वेळी थांबणारा माणूस घाबरट नाही, तो हिशेबी आहे. सहावी-सातवीच्या मुलांना हे गणित करायला द्या, मुलं तावातावाने वाद घालतात आणि वाद घालता घालता वजाबाकी आणि शक्यता दोन्ही शिकतात. दोन पर्याय निश्चित बाद करता आले तर निर्णय बदलेल का, हेही विचारा.

पण माझ्या दृष्टीने इथला मुद्दा गणितापुरता नाही. आपल्या शाळेत ‘येत नाही’ म्हणणाऱ्या मुलाला काय मिळतं? बहुतेक वेळा शून्य, कधी ओरडा. या खेळात ‘मला येत नाही’ म्हणणाऱ्याला कमावलेलं सगळं घेऊन, टाळ्यांच्या गजरात घरी जाता येतं. आपल्याला काय येतं आणि काय येत नाही याची नेमकी जाण असणं हेसुद्धा ज्ञानच आहे आणि हा कार्यक्रम त्याला मोल देतो. तो मान घरी आणि वर्गात आपण देतो का?

एक गोष्ट करून बघा. तोंडी प्रश्न विचारताना तिसरा पर्याय ठेवा : “मला येत नाही, पण मी इथपर्यंत विचार केला.” ‘इथपर्यंत’ काय ते मुलाने सांगायचं आणि त्यालाही गुण द्यायचे. सुरुवातीला काही मुलं पळवाट म्हणून वापरतात, पण विचार सांगावाच लागतो म्हटल्यावर ती पळवाट आपोआप बंद होते.

प्रतिक्रिया ५ : “नशीबवान आहे”

नशिबाचा भाग थोडा असतोच. कोणते प्रश्न समोर येतील हे कुणाच्या हातात नसतं. पण नुसत्या नशिबाने पंधरा प्रश्न पार होतात का, हे मोजता येतं.

एका प्रश्नाला चार पर्याय. दोन प्रश्नांची उत्तरं द्यायचे प्रकार ४ × ४ म्हणजे १६. तीन प्रश्नांना ६४. असं पंधरा वेळा चारने गुणत जा. उत्तर येतं १,०७,३७,४१,८२४. म्हणजे कुठलीही लाइफलाइन न घेता, केवळ अंदाजाने पंधराही उत्तरं बरोबर येण्याची संधी १०७ कोटींहून जास्त प्रकारांत एक! मोठ्या वर्गातल्या मुलांना हा गुणाकार गटात करायला द्या. शेवटची संख्या वाचताना त्यांचे चेहरे बघण्यासारखे होतात. त्यानंतर “सर, नशीब होतं त्याचं” असं कुणी पटकन म्हणत नाही.

याच ठिकाणी लाइफलाइनबद्दलही बोलता येतं. आपण मुलांना ‘दुसऱ्याचं बघू नको’ एवढंच शिकवतो. हा खेळ मात्र मदत मागायची सोय देतो, पण मोजकी. मदत कधी मागायची, कुणाला मागायची, हा निर्णय स्पर्धकाचा. जेम्स सुरोविएकी या लेखकाने २००४ च्या ‘द विस्डम ऑफ क्राउड्स’ या पुस्तकात अमेरिकेतल्या याच खेळाचा दाखला दिला आहे : फोन केलेल्या जाणकार मित्राचं उत्तर सुमारे ६५ टक्के वेळा बरोबर आलं, तर स्टुडिओतल्या सामान्य प्रेक्षकांचा कौल ९१ टक्के वेळा. वर्गातल्या गटचर्चेला वेळ वाया घालवणं समजणाऱ्यांनी हे जरूर लक्षात घ्यावं. मात्र प्रत्येकाने आधी स्वतःचं उत्तर ठरवलेलं हवं. एकाने मोठ्याने सांगितलं आणि बाकीच्यांनी माना डोलावल्या, तर तो कौल राहत नाही.

प्रतिक्रिया ६ : “खिचडी करणारी बाई करोडपती!”

सप्टेंबर २०१९ मध्ये हिंदी कार्यक्रमात अमरावती जिल्ह्यातल्या अंजनगाव सुर्जीच्या बबिता ताडे यांनी एक कोटी रुपये जिंकले. शाळेत पोषण आहाराची खिचडी शिजवायचं त्यांचं काम, मानधन महिन्याला दीड हजार रुपये. एक कोटीचा प्रश्न १८५७ च्या उठावावरच्या ‘दास्तान-ए-गदर’ या पुस्तकाचा लेखक कोण, हा होता. उत्तर होतं जहीर देहलवी. पुढच्या सात कोटींच्या प्रश्नाला त्या थांबल्या. या पैशांतून काय घेणार असं विचारल्यावर त्यांनी साधा मोबाईल हवा असल्याचं सांगितलं, तेही खूप गाजलं. पुढे जिल्ह्यात मतदार जागृतीचं काम त्यांच्याकडे आलं.

आपण सगळे भारावलो. पण त्या आश्चर्यात काय दडलं आहे ते जरा बघूया. ‘खिचडी करणारी बाई’ आणि ‘ज्ञान’ हे एकत्र असू शकत नाही, असं आपण आधीच धरून चाललो होतो, म्हणून तर धक्का बसला. मुलांना तो धक्का ऐकू येतो. त्यांच्या शाळेत खिचडी शिजवणाऱ्या मावशींकडे ती कोणत्या नजरेने बघणार, हे तिथे ठरतं.

कुपवाडच्या आपल्या शाळांत बहुतांश मुलांचे आईवडील एमआयडीसीत काम करतात. कुणी लेथवर, कुणी फाउंड्रीत, कुणी पॅकिंगला, काही जण पाळीवर असल्याने रात्रीचा कार्यक्रम बघायला घरी नसतातही. त्या कामातही माहिती असते, मोजमाप असतं, निर्णय असतात. व्हर्नियर कसं वाचतात, साचा कसा भरतात, हे आपल्यापैकी किती शिक्षकांना सांगता येईल? आपल्या वर्गाच्या प्रश्नमंजुषेत एक फेरी अशा पालकांनी विचारलेल्या प्रश्नांची ठेवा. पोषण आहाराच्या मावशींनाही बोलवा. शंभर मुलांना किती तांदूळ, किती डाळ लागते, हा प्रश्न त्यांनी विचारला तर शिक्षकांनाही लाइफलाइन घ्यावी लागेल.

पैशांबद्दल एक शब्द. २०११ मध्ये पाच कोटी जिंकणारे बिहारचे सुशील कुमार यांनी पुढे स्वतःच लिहून सांगितलं की जिंकल्यानंतरचा काळ त्यांच्यासाठी अवघड गेला. नंतर ते अभ्यास करून, परीक्षा देऊन शिक्षक झाले. “बघ, अभ्यास केलास तर कोटी मिळतील” असं मुलांना सांगणाऱ्या पालकांनी ही गोष्टही सांगावी. अभ्यासाचं बक्षीस म्हणून फक्त पैसा दाखवला, तर पैसा न देणारा अभ्यास मुलाला फुकट वाटू लागतो.

वर्गातला उपक्रम १ : प्रतिक्रियांची चाळणी

इयत्ता : चौथी ते सातवी. वेळ : दोन तासिका. विषय : मराठी.

१. मुलांना घरी कार्यक्रमाबद्दल (कुठल्याही पर्वाबद्दल) तीन माणसांच्या प्रतिक्रिया जशाच्या तशा लिहून आणायला सांगा. आजी-आजोबांपैकी एक हवेच.
२. वर्गात चार रकाने करा : तथ्य, आठवण, आवड, कारण दिलेलं मत.
३. प्रत्येक वाक्य कुठे बसतं ते गटाने ठरवायचं. उदाहरणार्थ, “२०१९ मध्ये नागराज मंजुळे सूत्रसंचालक होते” हे तथ्य. “आम्ही सगळे एका घरी जमून बघायचो” ही आठवण. “मला खेडेकरच आवडतात” ही आवड. “स्पर्धकाची माहिती फार वेळ दाखवतात, त्यामुळे प्रश्न कमी होतात” हे कारण दिलेलं मत.
४. मग तपासणी. “प्रश्न सोपे झालेत” हे वाक्य कुठे टाकायचं यावर हमखास भांडण होतं. ते होऊ द्या. एका भागातले पहिले पाच प्रश्न लिहून आणून वर्गाला सोडवायला द्या. किती जणांना किती आले ते मोजा. आता वाक्य पुन्हा लिहा. बहुतेक गट “आम्हाला पाचपैकी इतके आले” असं लिहितात. ‘सोपे’ शब्द जाऊन मोजलेली गोष्ट आली, की समजा उपक्रम सफल झाला.
५. शेवटी प्रत्येकाने पाच ओळींची स्वतःची प्रतिक्रिया लिहायची. त्यात निदान एक ‘कारण’ हवं.

मोठेपणी ही मुलं मोबाईलवर दिवसभर प्रतिक्रिया वाचणार आणि लिहिणार आहेत. ही चाळणी आत्ताच हातात दिलेली बरी.

वर्गातला उपक्रम २ : आपल्या गावाची प्रश्नमंजुषा

चार पर्यायांच्या प्रश्नाला मर्यादा आहे. उत्तर ओळखता येतं, पण समजलं का ते कळत नाही. शिष्यवृत्तीच्या तयारीत आपण मुलांना पर्याय ओळखायला तरबेज करतो आणि ‘का’ विचारलं की मुलं गप्प होतात. म्हणून या प्रश्नमंजुषेत एक नियम ठेवा : बरोबर पर्यायाला एक गुण, त्यानंतरच्या ‘का’ला दोन गुण. प्रश्न मुलांनीच तयार करायचे, आणि चुकीचे तीन पर्यायही त्यांनीच शोधायचे. फसवे पण खोटे न वाटणारे पर्याय शोधताना सगळ्यात जास्त वाचन होतं.

नमुन्यादाखल काही प्रश्न देते :

• विष्णुदास भावे यांच्या ‘सीता स्वयंवर’ नाटकाचा प्रयोग १८४३ मध्ये कोणत्या गावी झाला? (अ) पुणे (ब) सांगली (क) मुंबई (ड) कोल्हापूर. नंतरचा ‘का’ : सांगलीतच का? इथे संस्थानिक चिंतामणराव पटवर्धन यांनी दिलेला आश्रय मुलांना शोधायला लावा. ५ नोव्हेंबरला मराठी रंगभूमी दिन का असतो, तेही इथेच कळतं.

• मिरजेत कोणती वाद्यं तयार होतात? बरेच जण सतार आणि तंबोरा सांगतील. नंतरचा ‘का’ : तंबोऱ्याला भोपळा का लागतो? लाकडाचा ठोकळा लावला तर आवाज कसा येईल? विज्ञानातला ‘ध्वनी’ इथे आला.

• हरिपूरला जमिनीखालच्या पेवांत काय साठवत असत? उत्तर हळद. नंतरचा ‘का’ : नदीकाठच्या गावात जमिनीखाली ठेवलेला माल टिकतो कसा, आणि पूर आला तर काय होतं?

• सांगली, मिरज आणि कुपवाड यांची मिळून एक महानगरपालिका कोणत्या वर्षी झाली? उत्तर १९९८. नंतरचा ‘का’ : तीन गावं एकत्र केल्याने पाणी, रस्ते, कचरा यात काय सोपं होतं आणि काय अवघड? याचं एकच बरोबर उत्तर नाही, हेही मुलांना कळू द्या.

लाइफलाइन तीन ठेवा : गटाचा कौल, एखाद्या पालकाला फोन आणि ‘पुस्तक उघडा’. तिसरी लाइफलाइन टीव्हीवर नसते, पण वर्गात तीच सगळ्यात उपयोगी. दोन मिनिटांत पुस्तकातून उत्तर शोधता येणं हे पाठांतरापेक्षा कमी नाही.

पालकांसाठी : कार्यक्रम बघताना म्हणायची पाच वाक्यं

१. “तुला काय वाटतं? आधी तू सांग, मग मी सांगते.”
२. “मलाही येत नाही. जाहिरातीत शोधूया.”
३. “त्याने हे उत्तर का निवडलं असेल?”
४. “थांबला ते बरं केलं का? हिशेब करून बघू.”
५. “आजचा नवीन कळलेला प्रश्न कोणता?”

यातलं दुसरं वाक्य सर्वांत कठीण आहे, विशेषतः वडीलमंडळींना. पण मुलासमोर ‘मला येत नाही’ म्हणणारा आणि मग शोधणारा मोठा माणूस मुलाने बघितलेला असला, तर त्याला वर्गात हात वर करायला धीर येतो. पाळीमुळे रात्री घरी नसणाऱ्या पालकांनी पाचवं वाक्य सकाळी चहाच्या वेळी विचारलं तरी चालेल.

कार्यक्रमाची पर्वं येतील आणि जातील, सूत्रसंचालक बदलतील, आणि “पूर्वीची मजा नाही” हे आपण पुढच्या वेळीही म्हणू. त्याला हरकत नाही. फक्त पुढच्या वेळी समोरचा स्पर्धक चुकला की तोंडातून पहिलं वाक्य कोणतं येतं याकडे लक्ष ठेवा, कारण शेजारी बसलेलं मूल तेच वाक्य ऐकून उद्या शाळेत येणार आहे.

वरचे उपक्रम आपल्या वर्गात घेतलेत तर मुलांनी तयार केलेले प्रश्न जपून ठेवा. वर्षाअखेरीस त्यांची एक वही होते आणि पुढच्या वर्षीच्या मुलांना ती फार आवडते.